तीन रव्यांच्या आतला गोलकीपर

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, संध्याकाळचे सव्वासात. जागा: आमची गच्ची. हजर: माझा नवरा, त्याचा शाळेपासूनचा एक मित्र, ज्याची शाहूपुरीत गुळाची अडत आहे, दुसरा मित्र, ज्याच्या गोठ्यात अकरा म्हशी आहेत, आणि मी. गैरहजर: कुणी नाही. टेबलावर: एक बाटली, तीन ग्लास, पाण्याचा जग, गूळवाल्याचा पाण्याचा पेला, तळलेले आजऱ्याचे काजू, खारे शेंगदाणे, चिवडा, चार उकडलेली अंडी आणि वाटीभर सुकं मटण. तिसरा ग्लास माझा. त्याचं पुढे सांगते.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला मी बावीस वर्षं आहे. कुठला माल आला, कुठला गेला, कुणी नेला, हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरीही तसंच. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक आणि उशाशी एक वही. नवरा म्हणतो, माझ्या माहेरच्यांनी मला पाठवताना सोबत पावती घेतली असणार.

त्या शनिवारी गच्चीवर शोककळा होती. कारण असं, की दर फेब्रुवारीत आमच्या पेठेतल्या जुन्या फुटबॉल खेळाडूंचा पलीकडच्या पेठेतल्या जुन्या खेळाडूंशी सामना होतो. पंचेचाळीसच्या वरचे सगळे. बक्षीस म्हणजे एक नारळ आणि वर्षभर चिडवायचा हक्क. माझा नवरा त्यात गोलकीपर. तो बँकेत कॅशियर आहे, दोन मुलींचा बाप आहे, पण त्याला तू कोण असं विचारलं तर तो आधी गोलकीपर सांगेल. गेल्या सामन्यात आमचा एक खेळाडू पहिल्याच हाफमध्ये छाती धरून खाली बसला. निघाली ॲसिडिटीच, पण टीमचे डॉक्टर, जे स्वतः पूर्वी लेफ्ट विंगला खेळायचे, त्यांनी धसका घेतला. या वेळी त्यांनी प्रत्येकाची उंची आणि वय बघून वजनाची मर्यादा ठरवून दिली. जो त्यात बसेल तो खेळेल, जो बसणार नाही तो खुर्च्या मांडेल. माझ्या नवऱ्याला मिळाले नव्वद किलो.

"आन मी बसलो न्हाय तर कोण उभा ऱ्हाणार गोलात?" नवऱ्यानं विचारलं.

"कापडदुकानवाला," गूळवाला म्हणाला.

"त्यो? बॉल आला की त्यो बाजूला सरकतोय. पाहुण्याला दारातनं वाट दिल्यागत!"

"वजन बसतंय की त्याचं."

नवऱ्यानं ग्लास उचलला, बघितला, ठेवला, परत उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करायला आम्ही गुळाच्या अडतीवर गेलो. घरचा काटा नवऱ्याला मान्य नव्हता, तो माझ्या बाजूचा आहे म्हणे. गुळाच्या ढेपेला आमच्याकडं रवा म्हणतात आणि जुना मोठा रवा तीस किलोचा. अडतीवरचे तोलणारे मामा अजून त्याच हिशेबात बोलतात. नवरा काट्यावर चढला. मामांनी चष्मा वर केला आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "तीऽन रवे, वर सहाऽ!"

"बारदान वजा करा की मामा," नवरा म्हणाला. "पँट हाय, पट्टा हाय, किल्ल्या हायत."

मामांनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "गुळाचं बारदान काढून बाजूला ठेवतोय आमी. तुमचं काढू?"

वहीत लिहिलं: शहाण्णव. पाहिजेत नव्वद. वेळ साधारण अकरा आठवडे.

नवऱ्यानं तिथंच, गुळाच्या वासात उभं राहून, दारू सोडल्याचं जाहीर केलं. आता त्याची दारू म्हणजे शनिवारी दोन आणि कधी बुधवारी एक. कुणी त्याला झिंगलेला पाहिलेला नाही. पण वजन म्हटलं की आधी तीच सुचते. मलाही तेच सुचलं होतं. माझ्या वहीत गेल्या वर्षभराचे त्याचे पेग तारखेनुसार लिहिलेले होते. म्हटलं, बरं झालं, हे पान आता बंद.

इथं म्हैसवाल्यानं मैत्री निभावली. "सोडलीस ना? मग आंगात ताकद कशी ऱ्हाणार? रोज सांजच्याला कट्ट्यावर ये. म्हस तुझ्यासमोर पिळतो."

कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. नवरा लहानपणी दोन वर्षं तालमीत गेला होता, त्यामुळे दुधाबद्दल त्याच्या मनात श्रद्धा आहे. रोज संध्याकाळी बँकेतून सुटला की कट्टा. फेसाळलेलं, कोमट, तांब्याभर. मिशी पांढरी करून घरी यायचा आणि सात्त्विक चेहऱ्यानं मला सांगायचा, "आज बी न्हाय घेतली." मीही खुश. शनिवारच्या बैठका चालूच होत्या, फक्त त्याच्या हातात पाण्याचा ग्लास.

तीन आठवड्यांनी पुन्हा काटा. मामांनी काटा हलवून बघितला, पुसला, पुन्हा बघितला.

"तीऽन रवे, वर साडेसाऽत!"

नवरा काट्यावरून उतरेना. "दारू सोडली आन वजन वाढलं? वैऱ्यावर येऊ ने अशी वेळ!"

म्हैसवाल्यानं लगेच निष्कर्ष काढला. "मी तर कवापासनं सांगतोय. दारूनं माणूस वाळतोय. आमच्या गल्लीत बघ, जो पितोय त्यो काटकुळाच."

"ती माणसं जेवत नाहीत, भाऊजी," मी म्हणाले. "जेवणाच्या जागी पितात. आपला माणूस पितो, आणि वर जेवतो."

"मग दुधाचं काय?" गूळवाल्यानं शांतपणे विचारलं. "रोज तांब्याभर म्हशीचं. तालमीतलं पोरगं पितंय, कारण त्ये पाचशे जोर मारतंय. ह्यो काय मारतोय? शिक्के."

म्हैसवाल्याला हे लागलं. अकराही म्हशींच्या वतीनं त्यानं निषेध केला. पण दूध त्याच दिवशी बंद झालं.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसले, तेव्हा माझीच चूक माझ्यासमोर आली. स्टोअरमध्ये आम्ही नव्या पोरांना पहिली गोष्ट शिकवतो: चिठ्ठीवर गेलेल्या मालाची काळजी करू नका, चिठ्ठीशिवाय गेलेल्याची करा. आणि मी वर्षभर काय लिहिलं? पेग. काजू नाही, शेंगदाणे नाहीत, चिवडा नाही, रात्री साडेदहाला "जरा पोकळ वाटतंय" म्हणून केलेलं ऑम्लेट नाही. जो एकटा चोर दिसत होता त्याचीच रोज झडती घेतली, आणि त्याच्या मागून अख्खी टोळी निघून गेली.

मग आठवलं ते लिहून काढलं. दुधाचे तीन शनिवार नवरा पाणी पीत बसला होता. त्या तिन्ही शनिवारी त्याच्या पुढ्यातले काजू मी जवळजवळ तसेच डब्यात परत भरले होते. एरवी डबा भरायची वेळ येत नसे, कारण बशी कोरडी असे. म्हणजे दारू गेली तेव्हा चखणाही गेला होता. पण त्याच दारातून दूध आत आलं, म्हणून बाहेर काय गेलं ते दिसलंच नाही.

खात्री करून घ्यायची म्हणून पुढचे दोन शनिवार मी त्याला घेऊ दिली आणि शेजारी बसून सगळं लिहिलं. नवऱ्याला कल्पना होती. तो म्हणाला, "लिव्ह. पर तोंडाकडं बघू नकोस, घास अडकतोय."

पहिली नोंद बाटलीचीच करावी लागली. तो अंदाजानं ओतत असे आणि त्याला स्वतःच्या हाताचा फार अभिमान. मी स्टोअरमधलं तीस मिलीचं माप आणून त्याचा "स्मॉल" त्यात उपडा केला. माप भरलं, वरून वाहिलं आणि टेबलावरचा कागद भिजला. दुसऱ्यांदा मोजला तर पंचेचाळीस. म्हणजे त्याचे दोन हे जगाचे तीन होते. नवरा म्हणाला, मापच लहान आहे.

बाकी नोंदी अशा. सात वाजता भूक आहे का विचारलं, तर म्हणाला, छे. पहिला ग्लास अर्धा झाला आणि हात बशीकडे गेला. दुसरा सुरू झाला तेव्हा हात बशीतच होता. गप्पा रंगल्या की किती खाल्लं ते त्याला आठवत नसे. मी विचारलं तर तो "चार-पाच काजू" म्हणे आणि माझ्याकडं एकवीस लिहिलेले. नऊला जेवायला बसला तेव्हा पोट भरलेलं असायला हवं होतं, तर दोनाऐवजी साडेतीन भाकरी. वर रविवारी सकाळी उठल्या उठल्या मिसळीची आठवण.

डॉक्टरांना वही दाखवली. ते मन लावून वाचत गेले आणि एकवीस काजूंपाशी हसले. म्हणाले, "वहिनी, दारूचं स्वतःचं वजन असतंच, ती काही पाणी नाही. आणि ती पोटात असली की शरीर आधी तिला संपवतं, बाकी खाल्लेलं तोवर मागं राहतं. त्यात ती भूक चाळवते आणि पुरे म्हणायची शुद्ध कमी करते. प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, पण ह्याचं तुम्ही धरलंयत बरोबर. सोडली तर उत्तमच."

नवऱ्यासमोर हे ठेवलं. त्यानं वही मिटून माझ्याकडं सरकवली. मग म्हणाला, "मॅच खेळायची हाय. पर शनिवार सोडायला सांगू नकोस. आठवड्यात तेवढाच दिवस मला कुणी 'साहेब, माझी एंट्री बघा' म्हणत न्हाय."

मला ते पटलं. यादीत मी "दारू बंद" लिहिलं नाही. "दुसरा उपाय शोधणे" असं लिहिलं.

उपाय आमच्या समोर वीस वर्षं बसलेला होता. गूळवाला जैन. घरात सगळे दिवस मावळायच्या आत जेवतात. तो पीत नाही, आणि अंधार पडल्यावर पाण्याखेरीज काही घेतही नाही. तरी शनिवार चुकवत नाही. सातला यायचा, पाण्याचा ग्लास घेऊन बसायचा, दहाला उठायचा. पुढ्यात काजूंचा ढीग, पण वीस वर्षांत त्यानं एकाला हात लावलेला नाही. आम्ही त्याला धर्माचा बळी समजून हळहळायचो. मी त्याला विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. खावंसं वाटत नाही?"

"वैनी, जेवून आलेला असतोय मी. पोटात जागा कुठाय?" मग पाण्याचा पेला फिरवत, "एवढी वर्सं कुणी इचारलंच न्हाय."

पुढच्या शनिवारपासून वेळ बदलली. मी पहिल्या शिफ्टवरून साडेतीनला सुटते. पावणेसहाला गच्चीवर ताटं. गूळवाला आपला डबा घेऊन येऊ लागला: मुगाची उसळ, दोडक्याची भाजी, ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण नाही. त्याच्या बायकोनं दुसऱ्या आठवड्यात डबा चौघांचा केला. आमच्याकडचं सुकं मटण जेवणात यायचं बंद झालं नाही, रविवारी दुपारी गेलं इतकंच. सूर्य डोंगराआड जायच्या आत हात धुतलेले. मग अर्धा तास गल्लीतून चक्कर. मग मापानं एक ग्लास. टेबलावर फक्त काकडी.

पहिल्या संध्याकाळी म्हैसवाला फार नाराज होता. "जेवून कोण पितंय व्हय? उलटं हाय की समदं! लगीन झाल्यावर पोरगी बघायला गेल्यागत."

"बघून तर घे," नवरा म्हणाला. गोलात उभं राहायचं म्हटल्यावर तो काहीही उलटं करायला तयार होता.

गंमत अशी झाली, की एक ग्लास दीड तास पुरला. रिकाम्या पोटी जी घाई असते ती नव्हतीच. दुसरा ओतायला नवरा एकदा उठला, उभा राहून विचार केला आणि परत बसला. साडेदहाला मी कान देऊन होते. स्वयंपाकघरात पावलं आली, पाणी प्यायल्याचा आवाज झाला, पावलं परत गेली. ऑम्लेट नाही. मी अंथरुणातच वहीत बरोबरची खूण केली.

जादू वगैरे झाली नाही. एका आठवड्यात पाऊण किलो, एका आठवड्यात काहीच नाही. मकरसंक्रांतीच्या तिळगुळानं अर्धा परत दिला. बुधवारचा पेग त्यानं स्वतःहून सोडला, सकाळी मैदानावर चालायला लागला, आणि चालता चालता दोन्ही बाजूला उड्या टाकायचा सराव करू लागला, त्यामुळे फिरायला येणाऱ्या एका आजींनी चौकशी केली की ह्यांना काही होतंय का. पण वहीतली रेघ खाली चालली होती. आणि मामांचं पुकारणं ऐकायला दर रविवारी अडतीवर चार माणसं जास्त जमू लागली. हमाल कामं थांबवायचे. कुणीतरी ओरडायचं, "पावणं, आज किती रवं?"

सामन्याच्या आदल्या रविवारी डॉक्टर स्वतः आले. नवऱ्यानं किल्ल्या, पाकीट, घड्याळ, पट्टा माझ्या हातात दिला. चपला काढल्या. काट्यावर चढण्याआधी त्यानं नाकातून जेवढी हवा सोडता येईल तेवढी सोडली. गूळवाल्याच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. मामांनी चष्मा वर केला. उगाच वेळ लावला, मला तर ठाम संशय आहे.

"दोऽन रवे," आणि थांबले. नवऱ्याचे कान तीनची वाट बघत होते. "वर साडेएकोणतीऽस!"

आधी कुणाला हिशेबच कळेना. मग गूळवाल्यानं त्याला काट्यावरून उचललं. साडेएकोणनव्वद किलोंचा माणूस एका काटकुळ्या जैन अडत्यानं उचलला आणि दोघं गुळाच्या रव्यांवर आपटले. म्हैसवाला ओरडत होता, "आता दूध पाजू का?" आणि सगळे एका सुरात "न्हाऽय!"

सामना आम्ही दोन-एकनं हरलो. पण नवऱ्यानं शेवटच्या मिनिटाला उजवीकडं झेप घेऊन एक असा चेंडू अडवला, की पलीकडच्या पेठेतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. पडल्यावर तो क्षणभर उठला नाही. मी खुर्ची मागं सारून उभी राहिले. मग त्यानं पडल्या पडल्याच चेंडू छातीशी धरून मला शोधलं आणि हसला. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हा तो असाच चिखलात पडून हसत होता. कापडदुकानवाल्यानं इमानदारीत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला.

त्या शनिवारी गच्चीवर चौघंही वेळेत, पावणेसहाला. जेवणं झाली, चक्कर झाली, काकडी आली. नवऱ्यानं मापानं तीन ग्लास भरले. मग त्यानं माझी वही मागितली, पानं उलटली आणि विचारलं, "ह्यात तिसरा ग्लास कुठाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

तर तिसरा ग्लास. मुली पुण्याला गेल्यापासून मी शनिवारी एक घेते. त्यात पाणी इतकं घालते की शेजारच्या काकूंना ते सरबत वाटतं. तो ग्लास मी कधीच लिहिला नाही. त्या दोन शनिवारी नवऱ्याचे काजू मोजत शेजारी बसले होते, तेव्हा माझा हातही त्याच बशीत होता. त्याचे एकवीस. माझे किती? त्या चिठ्ठीशिवाय गेले. साडेदहाच्या ऑम्लेटमधलं अर्धं कुणी खाल्लं, हेही कुठं नाही. कामावरचा पांढरा कोट मी दिवाळीत एक नंबर मोठा मागवला आणि यादीत लिहिलं: कोट, आटलेला.

"आटलेला म्हणे," नवरा वाचून म्हणाला. म्हैसवाल्याला ठसका लागला.

गूळवाला अदबीनं म्हणाला, "वैनी, काटा रविवारी रिकामाच असतोय. मामांना मी सांगतो हळू पुकारायला."

"मामा आन हळू?" नवरा म्हणाला. त्यानं पेन घेतलं आणि फ्रिजवर लावायच्या यादीच्या तळाशी, त्याच्या कॅशियरच्या सुबक अक्षरात, सहावं काम लिहिलं.

आज यादी समोर आहे. गॅस सिलिंडर सांगणे, झालं. मुलींना काजू पाठवणे, झालं. मोजे आणि हातमोजे धुणे, झालं. गूळवाल्याचे डबे परत करणे, झालं. डॉक्टरांना पलीकडच्या पेठेनं जिंकलेल्या नारळाचा फोटो पाठवणे, हरलो तरी, झालं.

सहा. बायकोला काट्यावर चढवणे.